जुन्या चिनी वाहनांवर बेतलेले, रूपांतर होणारे रोबो जमवायला सुरुवात कशी करावी?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: जुन्या चिनी गाड्यांचे रोबो ही निव्वळ नक्कल आहे की जमवण्याजोगी वस्तू, ठाण्यात राहून पहिला कोणता घ्यावा, आणि तो दमट हवेत टिकेल का. मी भोसरीत प्लास्टिकच्या साच्यांचे काम करतो आणि हा छंद बरीच वर्षे जोपासून आहे. त्यामुळे माझे उत्तर थोडे साच्याच्या बाजूने कललेले असेल, तेवढे समजून घ्यावे.

आधी नकलेविषयी. वाहनाचा रोबो करण्याची कल्पना चिनी नाही, हे उघड आहे. जपानच्या ताकारा कंपनीच्या डायाक्लोन आणि मायक्रोमॅन या खेळण्यांच्या मालिकांचे साचे घेऊन अमेरिकेच्या हॅस्ब्रोने 1984 मध्ये ट्रान्सफॉर्मर्स बाजारात आणले. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यांची कार्टून मालिका चिनी दूरचित्रवाणीवर आली आणि तेव्हाची मुले आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. त्या मुलांनी पडद्यावर पाहिले ते पोर्शे, लॅम्बोर्गिनी, फोक्सवॅगन बीटल आणि अमेरिकी ट्रक. त्यांच्या गल्लीत आणि वडिलांच्या कारखान्याच्या आवारात मात्र उभे असत हिरवे ज्येफांग ट्रक, ताडपत्रीच्या टपाच्या बीजिंग जीप आणि क्वचित कधी एखादी शांघाय मोटार. आज चीनमधले छोटे उत्पादक या दुसऱ्या यादीतल्या गाड्यांचे रोबो बनवतात. यंत्रणेची कल्पना उसनी आहे, सांध्यांच्या कित्येक युक्त्याही उसन्या आहेत. पण या गाड्यांना आधीचा साचाच नव्हता, त्यामुळे गाडीचा कोणता भाग कोठे जावा हे प्रत्येक वेळी नव्याने सोडवावे लागते. गाजलेल्या पात्राचा आकार चोरून, थोडा मोठा करून विकला जातो त्याला मी नक्कल म्हणेन. याला म्हणणार नाही.

माझा सल्ला असा की, रोबो निवडण्यापूर्वी मूळ वाहन नीट ओळखून घ्यावे. या प्रकारातला चांगला रोबो आणि वाईट रोबो यांतला फरक रोबोच्या छायाचित्रात दिसत नाही; गाडीच्या खास खुणा रोबोच्या अंगात कामाला लावल्या आहेत, की नुसत्या पाठीवर टांगून ठेवल्या आहेत, यावरून तो कळतो, आणि त्या खुणा माहीत नसतील तर पाहणार काय?

ज्येफांग सीए-10 घ्या. चांगचुनच्या पहिल्या मोटार कारखान्यात हा ट्रक 1956च्या जुलैमध्ये तयार झाला. तो सोव्हिएत झिस-150 या ट्रकावर बेतलेला, चार टन भार वाहणारा, आणि किरकोळ सुधारणा होत होत 1986 पर्यंत बनत राहिला. एकूण संख्या पावणेतेरा लाखांच्या वर गेली. लांब नाक, दोन तुकड्यांची सपाट समोरची काच, फुगीर मडगार्ड, त्यांच्यालगतचे गोल दिवे, मागे फळ्यांचा हौदा. (चीनच्या जुन्या 1 फेनच्या, म्हणजे युआनच्या शंभराव्या भागाच्या, नोटेवरही ट्रक आहे आणि पुष्कळ जण त्याला ज्येफांग म्हणून दाखवतात, पण त्या नोटेवर वर्ष छापले आहे 1953, म्हणजे पहिला ज्येफांग बाहेर पडायच्या तीन वर्षे आधीचे.)

रोबोच्या दृष्टीने या ट्रकात एक मोठी सोय आहे: त्याचे तीन भाग मुळातच वेगळे आहेत. माझ्याकडच्या रोबोत आधी हौद्याचे मागचे फाळके खाली पडते, मग हौदा लांबीत मधोमध दुभंगतो आणि दोन्ही अर्धे पोटऱ्यांभोवती गुंडाळले जातात, तेव्हा फळ्यांच्या रेघा पायांवर उभ्या येतात. केबिन मागे वळून खांद्यांमागे बसते, बॉनेट दुभंगून छाती होते आणि मडगार्ड दिव्यांसकट खांद्यांवर चढतात. हे सगळे होत असताना केबिन वळते त्या जागी काचेच्या मधल्या दांडीवर बोटाचा दाब नको इतका येतो. तिथले हिरवे प्लास्टिक पांढुरके पडले आहे. साचेकामात याचा अर्थ सरळ असतो: त्या जागी प्लास्टिक सोसण्यापलीकडे ताणले गेले आहे आणि पुढेमागे तिथेच तडा जाणार. ती दांडी मुळात अर्धा मिलिमीटर अधिक जाड ठेवली असती तर हा प्रश्न आला नसता, पण मग काच मूळ ट्रकासारखी दिसली नसती. या छंदातली बहुतेक भांडणे अशाच अर्ध्या मिलिमीटरवरची असतात आणि मला त्यातच गोडी वाटते.

याच्या अगदी उलट उदाहरण होंगची सीए-770 या लांबलचक सरकारी मोटारीचे. 1960च्या दशकाच्या मध्यावर आलेली ही तीन रांगांची, व्ही-8 इंजिनाची गाडी 1981 पर्यंत बनली, तीही एकूण साडेआठशेच्या आसपासच. 1972 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन चीनला गेले तेव्हा ते याच गाडीतून फिरले. पंख्यासारखी पसरलेली जाळी आणि बॉनेटवरचा लाल झेंडा या तिच्या खुणा. आधीच्या सीए-72 मॉडेलचे मागचे दिवे तर राजवाड्यातल्या कंदिलांच्या आकाराचे होते. दिसायला ही सगळ्यांत रुबाबदार गाडी आहे, म्हणून नवखा माणूस हटकून तिच्याकडे वळतो, आणि मी नेमके तेच टाळा असे सांगेन. लांब, सपाट, काळ्या चकचकीत पत्र्याची गाडी म्हणजे रोबोला फक्त पातळ तावदाने; टप आणि दारे यांना अंगात काहीच काम मिळत नाही, मग ती पाठीवर गठ्ठ्यासारखी जाऊन बसतात आणि रोबो मागे कलंडतो. शिवाय काळ्या चकचकीत रंगावर जोडाच्या रेघा आणि बोटांचे ठसे लपत नाहीत, आणि जाळीचा क्रोम मुलामा घासला जाणाऱ्या कडेला आधी उडतो. गाडीच्या रूपातच कपाटात ठेवायची असेल, तर गोष्ट वेगळी.

बीजिंगची बीजे-212 जीप मात्र मधल्या वाटेची आहे. 1960च्या दशकाच्या मध्यापासून लष्करात आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांकडे ती होती. 1966 मध्ये तियानआनमेन चौकात माओंनी आपल्या तरुण समर्थकांच्या, म्हणजे रेड गार्डांच्या, जथ्थ्यांची पाहणी केली तीही हिच्यात उभे राहूनच. आखूड आणि चौकोनी असल्याने तिचा रोबो आटोपशीर होतो. अडचण ताडपत्रीच्या टपाची. तो कडक प्लास्टिकचा केला की खोटा दिसतो, खऱ्या कापडाचा केला की दुमडून ठेवायला जागा लागते. काही उत्पादक तो सुटा देतात. मला सुटे भाग आवडत नाहीत, पण इथे ते मान्य करावेसे वाटते.

लुओयांगचा डोंगफांगहोंग-54 हा 1958चा साखळीपट्ट्यांचा ट्रॅक्टर आणि टाइप 59 रणगाडा यांचा विचार दुसऱ्या फेरीत करावा. पट्टे रबराचे असतील तर काही वर्षांत सैल पडतात किंवा चिकट होतात. कड्या जोडून केलेले असतील तर ते रूपांतराच्या आड येतात. रणगाड्याविषयी एवढे सांगतो की, तो आपल्याकडच्या लोकांना वाटतो तितका परका नाही: 1971च्या युद्धात लोंगेवालाला पाकिस्तानने आणलेल्या रणगाड्यांत हे चिनी टाइप 59 होते आणि मूळ रचना सोव्हिएत टी-54 ची असल्याने आपल्या टी-55 शी त्यांचे नाते चुलतभावाचे आहे.

शांघाय एसएच-760 ही जुन्या मर्सिडीजच्या धाटणीची मोटार 1991 पर्यंत बनत होती. तिचा चांगला रोबो अजून माझ्या पाहण्यात नाही. तिआनजिनची पिवळी दाफा व्हॅन, जी 1990च्या दशकात बीजिंगची स्वस्त टॅक्सी होती, ती नुसत्या खोक्याच्या आकारामुळे रोबोला फार सोयीची आहे.

आता विकत घेताना काय पाहावे. छायाचित्रांपेक्षा रूपांतराची चित्रफीत पाहावी, आणि तीही उत्पादकाची नव्हे, विकत घेतलेल्याची. हात कोठे अडखळतात, कोणता भाग जोर लावून बसवावा लागतो, गाडीच्या रूपात जोडांत किती फट राहते, हे तीत दिसते. वजनाला भुलू नये. पायात जस्ताच्या मिश्रधातूचा ठोकळा घातला की वस्तू हातात भारी लागते, पण कमरेचा सांधा प्लास्टिकचाच असेल तर तोच धातू त्याला ओढून सैल करतो. मोठ्या सांध्यांना रॅचेट, म्हणजे टप्प्याटप्प्याने अडणारी दातेरी रचना, असावे आणि ते टकटक आवाज करत स्पष्ट अडावे. सांध्यांसाठी पीओएम हे गुळगुळीत, झिजेला टिकणारे प्लास्टिक वापरले असेल तर उत्तम. मात्र त्यावर रंग धरत नाही, म्हणून रंगवलेला सांधा दिसला की तो एबीएस या खेळण्यांतल्या नेहमीच्या प्लास्टिकचा आहे असे बहुधा समजावे. पारदर्शक प्लास्टिकच्या काचेतून थेट धातूची पिन गेलेली दिसली तर जपून. तडा तिथूनच सुरू होतो. सोनेरी किंवा चंदेरी कणांची भुरभुर मिसळलेले प्लास्टिक जुन्या खेळण्यांत बिस्किटासारखे भुगा झालेले अनेक संग्राहकांनी पाहिले आहे, तेव्हा तशा रंगाची विशेष आवृत्ती महाग मिळत असेल तर ती खुशाल सोडून द्यावी.

ठाण्याच्या हवेत खरा शत्रू ऊन नाही, पावसाळा आहे. पोलादी पिना आणि स्क्रू गंजतात आणि गंजलेली पिन काढताना तिच्याभोवतीचे प्लास्टिक फुटते. काचेच्या बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. मऊ टायर दुसऱ्या प्लास्टिकच्या भागाला चिकटून राहू देऊ नयेत, कारण टायरमधला मऊपणा आणणारा द्रव झिरपून शेजारचा भाग विरघळल्यासारखा होतो. गाडीच्या रूपात ठेवायची असेल तर टायर आणि मडगार्ड यांत फट आहे ना ते पाहावे. सांधा घट्ट असेल तर सिलिकॉन तेलाचा एक थेंब पुरतो, यंत्राचे तेल मुळीच नको. सैल झालेल्या गोळीच्या सांध्याला (खोबणीत गोल गोळी फिरते तो सांधा) नखांच्या पारदर्शक रंगाचा पातळ हात देऊन पूर्ण वाळू द्यावा, मग बसवावा.

राहिला मागवण्याचा प्रश्न, आणि तो खर्चाचा आहे. खेळण्यांवरचे आयात शुल्क 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 टक्के झाले आणि 2023 मध्ये 70 टक्के. शिवाय 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे आहे. तो आदेश 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी आहे आणि संग्राहकांच्या रोबोंच्या पेटीवर बहुधा 14 किंवा 15 वर्षांवरील वयोगट छापलेला असतो. तरी तेवढ्या भरवशावर थेट चीनमधून पार्सल मागवू नये. माझे एक पार्सल कागदपत्रांअभावी परत गेले आणि विक्रेत्याने वाहतुकीचे पैसे दिले नाहीत. सिंगापूर किंवा दुबईहून येणारे नातेवाईक असतील तर त्यांच्या सामानातून एखादा आणवणे बरे पडते, आणि इथल्या संग्राहकांकडून वापरलेला घेणे त्याहून बरे. वापरलेला घेताना पेटीपेक्षा सूचनापत्रक मागून घ्यावे. ते चिनी भाषेत असले तरी पायरीपायरीची चित्रे असतात, आणि चुकीच्या क्रमाने वळवल्यामुळे मोडलेले रोबो मी साच्यातल्या दोषाने मोडलेल्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत.

म्हणून पहिला घ्यायचा तर ज्येफांग ट्रक, मधल्या आकाराचा, साध्या हिरव्या रंगातला. तळव्याएवढे छोटे रोबो स्वस्त असतात खरे, पण त्यांच्या पिना इतक्या बारीक असतात की नवख्या हाताला त्यांत काही शिकता येत नाही.