गड्ड्याच्या सुट्टीत कारखान्याची चावी कुणाकडं द्यायची?

प्रश्न : ताई, नमस्कार. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे. गड्ड्याच्या जत्रेत कामगार सुट्टीवर जातात, घरी पाहुणे असतात, चार-पाच दिवस युनिट बंदच. सिक्युरिटी एजन्सीवाले म्हणतात, शटरची आणि गोडाऊनची चावी आमच्याकडं द्या, रात्री अलार्म वाजला तर आमचा माणूस उघडून बघेल. भाचा इंग्लंडला आहे, तो म्हणतो तिकडं नुसती चावी सांभाळायला पण सरकारी लायसन्स लागतं. आपल्याकडं कसं आहे ओ?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : भाचा बरोबर सांगतोय. ब्रिटनमध्ये २००१ च्या कायद्याने, सिक्युरिटी कंपनीतर्फे गिऱ्हाइकाची चावी सांभाळणाऱ्या माणसाला स्वतःच्या नावावर लायसन्स काढावं लागतं, त्याआधी त्याचा गुन्ह्यांचा रेकॉर्ड तपासतात. आणि अलार्म वाजल्यावर जागेवर जाऊन बघायचं असेल तर चावीचं लायसन्स पुरत नाही, ट्रेनिंग घेऊन गार्डचं काढावं लागतं. साफसफाईला येणाऱ्या बाईकडं चावी असली तर तिला मात्र हे काही लागत नाही.

आपल्याकडं चावीसाठी असं वेगळं लायसन्स नाही. २००५ चा खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा आहे, त्याला सगळे इंग्रजी आद्याक्षरांवरून पसारा (PSARA) म्हणतात, त्यात लायसन्स एजन्सीला मिळतं, गार्डला नाही. त्यामुळे तुम्ही आधी एजन्सीचं पसारा लायसन्स मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो नको, ऑफिसात जाऊन बघा, कारण ते दर्शनी भागात लावून ठेवणं त्यांना बंधनकारकच आहे. तारीख बघा, ते ५ वर्षांचं असतं. आणि बरेच जण जे बघतच नाहीत ते म्हणजे जिल्हा. एका जिल्ह्याची फी ५,००० रुपये, पाच जिल्ह्यांपर्यंत १०,००० आणि अख्ख्या राज्याची २५,०००, मग एखाद्याचं लायसन्स फक्त पुण्यापुरतं असेल तर सोलापुरात ते तुमच्या काय कामाचं? बिगर लायसन्सची एजन्सी चालवली तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता जो माणूस रात्री तुमचं शटर उघडणार त्याच्याबद्दल. वय १८ ते ६५ मध्ये पाहिजे, चारित्र्य पडताळणी झालेली पाहिजे, कोर्टात शिक्षा झालेला माणूस गार्ड म्हणून ठेवता येत नाही. ट्रेनिंग, केंद्र सरकारच्या मॉडेल नियमांप्रमाणे, १६० तासांचं, त्यातले ६० तास फील्डवर, माजी सैनिक-पोलिसांना कमी. आणि फोटोचं ओळखपत्र. माझं स्पष्ट मत आहे की चावी ज्याच्या हातात जाणार त्याचं नाव आणि ओळखपत्राची कॉपी घेतल्याशिवाय चावी देऊच नका, "आमचा माणूस" एवढ्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही.

चावी कशी द्यायची हे कायदा सांगत नाही, ते तुम्हालाच करारात लिहून घ्यावं लागेल. चावीच्या टॅगवर युनिटचं नाव, प्लॉट नंबर कधीही लिहू नका, नुसता कोड टाका, चावी हरवली तर सापडणाऱ्याला पत्ता मिळायला नको. जाड पाकिटात घालून चिकटवा, जोडावर तुमची आणि सुपरवायझरची आडवी सही, वरून पारदर्शक टेप, म्हणजे पाकीट उघडलं की लगेच कळतं. एजन्सीच्या रजिस्टरला कुणी घेतली, किती वाजता, कशासाठी, परत कधी ठेवली हे लिहायचं, आणि पाकीट फोडायच्या आधी तुम्हाला फोन करायचाच. डुप्लिकेट काढायची नाही हे पण करारात टाका.

हे रजिस्टर गार्डसाठी सुद्धा तेवढंच गरजेचं आहे हो. चोरी झाली की पहिला संशय त्या बिचाऱ्यावरच येतो, रात्रभर थंडीत उभा राहणारा माणूस, आणि त्याच्याकडं आपली बाजू दाखवायला कागद नसतो. रजिस्टरमध्ये त्याची सही आणि वेळ असली तर तो सुटतो.

ऑफिसच्या कपाटाची, तिजोरीची चावी मात्र देऊ नका, अलार्म बघायला ती लागत नाही. जत्रा झाली की पाकीट स्वतः परत घ्या, सील बघा, आणि मधेच गार्ड बदलला किंवा सील फुटलेलं दिसलं आणि रजिस्टरला नोंद नाही, तर त्याच दिवशी कुलूप बदला.