साताऱ्याहून पत्नीसह पुणे, कोल्हापूर, महाबळेश्वर असे लांबचे प्रवास करायचे आहेत. कोणती मोठी स्कूटर घ्यावी?

दोघं आणि सामान असेल तर १५५-१६० सीसीच घ्या. १२५ सीसी हायवेवर चालते, पण वाईहून पाचगणीकडे जाणाऱ्या पसरणी घाटाच्या चढाला दोघांचं वजन घेऊन दमते, आणि ट्रकला ओव्हरटेक करताना हाताशी ताकद उरत नाही.

यामाहा एरॉक्स १५५ आणि हीरो झूम १६०, दोन्हींना १४ इंची चाकं आणि लिक्विड कूल्ड (द्रवाने थंड होणारं) इंजिन. खड्ड्यात चाक मोठं असण्याचा फायदा मागे बसणाऱ्याच्या कमरेला कळतो. टाकी एरॉक्सची साडेपाच लिटर, झूमची सात. दोन्हींत पाय ठेवायच्या जागी मधे उंचवटा आहे, त्यामुळे पिशवी ठेवता येत नाही आणि साडी नेसून चालवणं अवघड. ते चालणार नसेल तर सपाट फूटबोर्डची सुझुकी बर्गमन १२५ बघा. आरामशीर आहे, फक्त घाटात घाई करू नका.

ट्राय घेताना वहिनींना मागे बसवूनच घ्या, आणि साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून या. त्यांचे गुडघे, सीटचा उतार, पकडायचा दांडा हे शोरूमसमोरच्या एका फेरीत समजत नाही. उतरताना स्कूटरला गिअर पाडता येत नाही, बहुतेक भार ब्रेकवर येतो. म्हणून डिस्क ब्रेक असलेलीच घ्या, आणि शक्यतो एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेली.