एकाने विचारलंय: एअर रायफलचा स्कोप (नेम धरायची दुर्बीण) २० मीटरला झीरो केलाय, म्हणजे तिथे छर्रा बरोबर क्रॉसवर लागतो. १० आणि ३० ला छर्रा खाली लागतो. होल्डओव्हर किती धरू, म्हणजे नेम लक्ष्याच्या किती वर धरू?

१० ला खाली लागतो ही रायफलची चूक नाही. स्कोप नळीच्या चार-पाच सेंमी वर असतो. जवळून छर्रा नजरेच्या रेषेपर्यंत चढलेलाच नसतो.

छर्रा किती खाली जाईल हे सांगणाऱ्या अ‍ॅपच्या आकड्यावर फार विसंबू नका. कागद लावा, दर ५ मीटरला मध्यावर नेम धरून पाच छर्रे मारा, किती खाली ते पट्टीने मोजा. १ मिल (कोनाचं माप; मिल-डॉट स्कोपमध्ये दोन डॉटमधलं अंतर) म्हणजे १० मीटरला १ सेंमी, ३० ला ३. तिथे ६ सेंमी खाली लागलं, तर क्रॉसखालचा दुसरा डॉट लक्ष्यावर. (बऱ्याच स्कोपमध्ये झूम बदललं की हे गणित बिघडतं.)

ठाणे शहरात गच्चीवर मात्र नको हं! मी शहापूरला मामांच्या शेतात, मातीच्या उंच बांधासमोर करतो. आकडे रायफलच्या बटावर (खांद्याला टेकवायच्या दस्त्यावर) चिकटपट्टी लावून लिहिलेत.