जुन्या लिस्टिंगमधलं संगीत: वाचकांचे प्रश्न

१९८०च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेतली कॉम्प्युटर मासिकं गाणी वाजवणारे प्रोग्रॅम पानंच्या पानं छापत असत. वाचकाने ते घरच्या मशीनवर टाइप करायचे आणि ऐकायचे. ती लिस्टिंगं (म्हणजे छापील प्रोग्रॅम) पुन्हा चालती करण्याबद्दल आलेल्या पत्रांना यावेळी उत्तरं देत आहोत. आदेश इथे देवनागरीत छापले आहेत, टाइप करताना ते मूळ रोमनमध्येच करावेत.

प्र. 'कॉम्प्यूट!' मासिकाच्या १९८४च्या अंकातलं कमोडोर ६४चं एक लिस्टिंग स्कॅन करून ओसीआरने (चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमने) मजकुरात आणलं. गाणं अर्ध्यापर्यंत नीट वाजतं, मग बेसूर होतं आणि शेवटी 'आउट ऑफ डेटा' येतं. डेटाच्या सगळ्या ओळी दोनदा तपासल्या. चूक कुठे शोधायची? — एक वाचक, पुणे

उ. 'अर्ध्यापर्यंत नीट' यातच उत्तर आहे. अशा लिस्टिंगमध्ये प्रत्येक स्वराला बहुधा तीन आकडे असतात: वरचा बाइट, खालचा बाइट आणि कालावधी. मधला एखादा आकडा गळाला की पुढचे सगळे एक घर सरकतात. कालावधी स्वराच्या जागी जातो आणि शेवटी एक आकडा कमी पडतो. त्रुटीसंदेशात जो ओळक्रमांक दिसतो तो 'रीड' (डेटातला आकडा वाचण्याचा आदेश) असलेल्या ओळीचा असतो. ती ओळ निर्दोष असते, त्यामुळे तिथे शोधण्यात वेळ घालवू नका.

गळतीचं नेहमीचं कारण म्हणजे स्वल्पविरामाचा झालेला पूर्णविराम. '१७,४५' हे ओसीआरने '१७.४५' वाचलं तर कमोडोर काहीच तक्रार करत नाही. तो दशांश आकडा वाचतो आणि 'पोक' करताना (म्हणजे तो मेमरीत किंवा चिपमध्ये ठेवताना) अपूर्णांक टाकून १७ ठेवतो. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर मध्ये ० आहे असं समजून पुढे जातो. शून्याच्या जागी ओ अक्षर आलं असेल तर मात्र 'सिंटॅक्स एरर' येते, आणि तीही नेमक्या त्या डेटा ओळीचा क्रमांक देऊन. आकडा २५५च्या वर गेला तर 'इल्लीगल क्वांटिटी'.

प्रोग्रॅमच्या सुरुवातीला ही तात्पुरती ओळ घाला: '१ रीड ए:एन=एन+१:प्रिंट पीक(६३)+२५६*पीक(६४);एन;ए:गोटू १'. ६३ आणि ६४ या पत्त्यांवर सध्या वाचली जाणारी डेटा ओळ असते, त्यामुळे प्रत्येक आकडा त्याच्या ओळक्रमांकासह पडद्यावर येतो. छापील पानावर प्रत्येक ओळीतले आकडे मोजून पेन्सिलीने कडेला लिहा आणि पडद्याशी ताडून पाहा. दशांश दिसला की तो आकडा संशयित समजा. शेवटची खूण, म्हणजे बहुधा ऋण आकडा किंवा शून्यं, वगळून उरलेली संख्या तीनने भागली गेलीच पाहिजे.

दोनदा डोळ्यांनी तपासणं हा मात्र कमकुवत उपाय आहे. डोळा पहिल्यांदा जे वाचतो तेच दुसऱ्यांदाही वाचतो. त्यापेक्षा दोघांनी स्वतंत्रपणे टाइप करून दोन्ही फाइली संगणकाकडून ताडून घ्याव्यात. दोघेही एकाच जागी एकच चूक करतील असं सहसा होत नाही. स्कॅन ४०० डीपीआय, ग्रेस्केल, टिफ किंवा पीएनजी असा ठेवा. काही स्कॅनर पीडीएफ दाबून लहान करताना सारखी दिसणारी चिन्हं एकमेकांच्या जागी बसवतात. मग ६ चा ८ होतो, तोही अगदी स्वच्छ छापल्यासारखा.

त्या काळच्या 'कॉम्प्यूट!'मध्ये ओळीच्या शेवटी ':रेम १२३' असं छापलेलं दिसेल. तो प्रोग्रॅमचा भाग नाही, 'ऑटोमॅटिक प्रूफरीडर' या तपासनीस प्रोग्रॅमचा चेकसम, म्हणजे ओळीतल्या अक्षरांवरून काढलेला पडताळणीचा आकडा आहे. टाइप केला तरी बिघडत नाही, पण त्याचा खरा उपयोग तपासणीचा. प्रूफरीडर आधी चालवून प्रत्येक ओळ रिटर्न केली की तोच आकडा वर दिसायला हवा. पण ही जुनी आवृत्ती नुसती बेरीज करते, म्हणून ४५ चा ५४ झाला तर तिला कळत नाही. डेटाच्या शेवटी 'बेरीज अमुक नसेल तर चूक' अशी ओळ असते, तिलाही आकड्यांची अदलाबदल पकडता येत नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर चूक छपाईचीच असू शकते. पुढच्या काही अंकांतलं 'कॅप्यूट!' हे दुरुस्त्यांचं सदर चाळा. तिथे अशी दुरुस्ती सापडली की ती वेगळ्या प्रतीत करा. छापल्याबरहुकूम असलेली मूळ फाइल जशीच्या तशी जपून ठेवा.

मजकुरापासून चालता प्रोग्रॅम बनवायला व्हाइस एम्युलेटरसोबत (आजच्या संगणकावर कमोडोरची नक्कल करणारा प्रोग्रॅम) येणारं पेटकॅट पुरेसं आहे. बेसिक आवृत्ती २ चा पर्याय निवडा आणि सगळा मजकूर लहान लिपीत ठेवा. कॅपिटल अक्षरं दिली तर पेटकॅट ती शिफ्ट दाबलेली समजतं आणि आदेश ओळखले जात नाहीत. महिरपी कंसातलं '५ स्पेसेस' म्हणजे पाच मोकळ्या जागा, आणि अधोरेखित अक्षर म्हणजे शिफ्टसह ते अक्षर.

प्र. माझा कमोडोर ६४ इंग्लंडमधून आणलेला आहे. अमेरिकन मासिकांतली गाणी त्यावर सुरात वाजतात, पण हार्मोनियमशी लावून पाहिलं तर पाऊण-अर्धा स्वर उतरलेली वाटतात. चिप बिघडली आहे का? — एक वाचक, नाशिक

उ. चिप ठणठणीत आहे. सिड या कमोडोरच्या ध्वनी चिपचा सूर मशीनच्या घड्याळावर ठरतो. तुमच्या पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनचं घड्याळ ९,८५,२४८ हर्ट्झचं आहे, एनटीएससी (अमेरिकन टीव्ही पद्धतीच्या) मशीनचं १०,२२,७२७चं. चिपमध्ये घालायची किंमत म्हणजे कंपनसंख्या गुणिले १,६७,७७,२१६ भागिले घड्याळ. अमेरिकन कोष्टक पाल मशीनवर वाजवलं तर सगळं गाणं ६५ सेंट उतरतं, म्हणजे अर्ध्या स्वराहून थोडं जास्त. (दोन लगतच्या पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे १०० सेंट, आणि अर्धा स्वर म्हणजे इथे त्याचा अर्धा भाग.)

दुरुस्तीआधी कोष्टक कोणतं आहे ते ओळखायला हवं, कारण छापील कोष्टकं दोन नव्हे, तीन प्रकारची सापडतात. ४४० हर्ट्झच्या 'ए' स्वराची जोडी शोधा. २८,४९ असेल तर एनटीएससी. २९,६९ असेल तर पाल, तिथे हात लावू नका. आणि २८,२१४ असेल तर लेखकाने घड्याळ सरळ १० लाख हर्ट्झ धरलं आहे. हे तिसरं कोष्टक कुठल्याच मशीनवर बरोबर वाजत नाही: अमेरिकन मशीनवर ३९ सेंट चढतं, तुमच्यावर २६ सेंट उतरतं. 'ए' गाण्यात नसेल तर मध्य 'सी' पाहा. एनटीएससीत तो १६,१९५ असतो, दहा लाखाच्या कोष्टकात १७,३७.

एनटीएससीवरून पालसाठी १.०३८०ने गुणा, दहा लाखाच्या कोष्टकासाठी १.०१५ने. मात्र दोन बाइट वेगवेगळे गुणू नका, ही चूक फार जण करतात. १६,१९५ म्हणजे १६×२५६+१९५=४२९१. त्याला १.०३८०ने गुणून ४४५४, म्हणजे १७,१०२. वेगवेगळे गुणले तर 'पोक'च्या काटछाटीनंतर १६,२०२ उरतात आणि सूर जवळजवळ होता तिथेच राहतो.

लयीतही फरक पडतो. 'फॉर-नेक्स्ट'ची रिकामी फेरी पाल मशीनवर सुमारे ३ टक्के सावकाश चालते. कालावधी २५० असेल तर २४३ करा. नाही केलं तरी चालेल, एकट्याने ऐकताना तो फरक जाणवत नाही.

प्र. कमोडोर ६४च्याच एका गाण्यात दुसरा आवाज मुळीच ऐकू येत नाही आणि पहिल्या आवाजातले काही स्वर गिळल्यासारखे वाटतात. — एक वाचक, ठाणे

उ. मुक्या आवाजाचं 'कंट्रोल' मूल्य ६५ आहे का? ६५ म्हणजे पल्स तरंग. त्याला रुंदी द्यावीच लागते, शून्य रुंदीचा पल्स ऐकूच येत नाही. दुसऱ्या आवाजासाठी 'पोक ५४२८१,०' आणि 'पोक ५४२८२,८' करून पाहा, म्हणजे रुंदी २०४८, निम्मी. लिस्टिंगमधली नेमकी हीच ओळ टाइप करताना सुटलेली असते. नोंदीत काय आहे ते 'पीक' करून पाहण्याचा मोह होईल, पण सिडच्या या नोंदी फक्त लिहिण्याच्या आहेत. वाचून जे मिळेल ते निरर्थक.

गिळलेल्या स्वरांत आधी गेट, म्हणजे स्वर चालू-बंद करणारी कळ, पाहा. ३३ने स्वर सुरू होतो, ३२ने सुटतो. ३२ची ओळ गळाली तर गेट उघडंच राहतं आणि पुढचा स्वर नव्याने उठत नाही. गेट बरोबर असूनही स्वर उशिरा उठत असेल तर तो चिपच्या आतलाच दोष आहे. आवाजाचा चढ-उतार मोजणारा गणक नव्या मर्यादेच्या पुढे निघून गेलेला असला तर पूर्ण ३२,७६८ फेऱ्या मारून परत येतो, त्यात ३३ मिलिसेकंद जाऊ शकतात. उपाय असा: गेट बंद केल्यावर ५४२७७ आणि ५४२७८ मध्ये ० घाला, जरा थांबा, मग मूळ मूल्यं परत घालून गेट उघडा.

लांब स्वर मध्येच विरतो, हीही तक्रार येते. ५४२७७ मध्ये ९ आणि ५४२७८ मध्ये ० असेल तर तो पाऊण सेकंदात विरणारच. लेखकाला तसंच हवं होतं, ते 'दुरुस्त' करू नका.

प्र. घरी भारतात बनलेला डीबी स्पेक्ट्रम+ आहे. जुन्या झेरॉक्समधल्या एका लिस्टिंगमध्ये 'बीप .५,३.८६' असे अपूर्णांक आहेत. छपाईची चूक समजून ४ करू का? — एक वाचक, मिरज

उ. मुळीच करू नका! मिरजेहून विचारलंत म्हणून थेट सांगतो, तो शुद्ध गंधार आहे. 'बीप'मधला दुसरा आकडा मध्य 'सी'पासून किती पट्ट्या वर ते सांगतो. ४ म्हणजे हार्मोनियमचा गंधार. तंबोऱ्यातून निघणारा ५:४ चा गंधार ३.८६ वर बसतो, १४ सेंट खाली. बाकीचे आकडेही ताडून पाहा: रिषभ २.०४, मध्यम ४.९८, पंचम ७.०२, धैवत ८.८४, निषाद १०.८८ असे असतील तर लिहिणाऱ्याला स्वरांची जाण होती. ३.१६ दिसला तर तो कोमल गंधार. स्पेक्ट्रमच्या मूळ पुस्तिकेतच लिहिलं आहे की भारतीय संगीतासारखे दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराहून लहान अंतर वापरणारे प्रकार 'बीप'ला सहज जमतात.

मशीन हे खरंच पेलतं. रॉममध्ये स्वराची किंमत ४,३७,५०० भागिले कंपनसंख्या, वजा ३०.१२५ अशी काढली जाते आणि पूर्णांकात घेतली जाते. मध्य सप्तकात एका पायरीचा फरक जेमतेम १ सेंट येतो, तीन सप्तकं वर गेल्यावर ८ सेंट. म्हणून असं लिस्टिंग खालच्या पट्टीत वाजवा.

हेच गाणं बीबीसी मायक्रोवर न्यायचं असेल (१९८४च्या क्लास प्रकल्पात आपल्याकडच्या शाळांत ही यंत्रं आली होती) तर सूत्र सोपं आहे: स्वर = ५३ + ४ गुणिले 'बीप'चा आकडा, कालावधी गुणिले २०. 'बीप .५,९' चं 'साउंड १,-१५,८९,१०' होतं. पण तिथली सर्वांत लहान पायरी २५ सेंटची. ३.८६ चा ६८.४४ येतो, तो ६८ होतो आणि गंधार ११ सेंट उतरतो. चाल पोहोचेल, श्रुती पोहोचणार नाही.

विरामासाठी 'पॉज' वापरला असेल तर एक खोडी लक्षात ठेवा. लय वाढवण्यासाठी सगळे आकडे भागत गेलात आणि एखादा शून्यावर आला तर 'पॉज ०' म्हणजे कळ दाबेपर्यंत थांबणं. गाणं अडकलं असं वाटतं, पण ते कळीची वाट बघत असतं.

प्र. स्पेक्ट्रमचंच मशीन कोडमधलं दोन आवाजी गाणं एम्युलेटरवर एका सुरात, खऱ्या मशीनवर खालच्या सुरात आणि खरखरत वाजतं. कोड ३२००० वर आहे. वर हलवू का? — एक वाचक, कोल्हापूर

उ. १६३८४ ते ३२७६७ ही मेमरी पडदा रंगवणारी यूएलए चिप आणि प्रोसेसर वाटून घेतात. यूएलएची पाळी असली की प्रोसेसर थांबतो. म्हणून तिथला कोड सावकाश आणि अडखळत चालतो, सूर उतरतो, खरखर येते. तुमचा एम्युलेटर हे थांबणं मोजत नसावा, फ्यूज नावाचा एम्युलेटर मोजतो. त्यावर ऐकून बघा.

हलवण्याआधी लिस्टिंग कोणत्या मशीनसाठी आहे ते पाहा. १६के मशीनला ३२७६७च्या पुढे मेमरीच नव्हती. त्याच्यासाठी लिहिणाऱ्याने ती अडखळ धरूनच सूर लावलेला असतो. असं गाणं वर नेलंत तर चढेल. ४८केसाठी असेल तरच ४०००० वर न्या. 'क्लिअर ३९९९९' करा आणि डेटामध्ये १९५, २०५, ३३ या आकड्यांच्या पुढच्या जोड्या तपासा. तिथे जुने पत्ते असतील तर ते ८००० ने वाढवा, खालचा बाइट आधी. २४ आणि ३२ च्या उड्या सापेक्ष असतात, त्या तशाच राहू द्या. आणि काहीही करा, 'रन' आधी 'सेव्ह' करा. मशीन कोडमधला एक चुकीचा आकडा सगळं टाइप केलेलं पुसून टाकतो.

प्र. त्या काळी टाइप करून कॅसेटवर ठेवलेले प्रोग्रॅम मिळाले आहेत. कसे उतरवावेत? — एक वाचक, सांगली

उ. मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ वेव्ह फाइल करा. डॉल्बी आणि आवाज स्वच्छ करणारे सगळे फिल्टर बंद. स्पेक्ट्रमच्या कॅसेटवर सुरुवातीला सुमारे ८०० हर्ट्झचा सलग सूर येतो. तो ऐकत हेडशेजारचा स्क्रू अगदी किंचित फिरवा आणि आवाज सर्वांत तीक्ष्ण होईल तिथे थांबा. काही सेकंदांतच हे जमवायला लागतं, म्हणून आधी थोडा सराव करून घ्या. कमोडोरच्या कॅसेटलाही हेच लागू.

कॅसेट खऱ्या कमोडोर ६४वर लावणार असाल तर आधी मूळ अडॅप्टरचा ५ व्होल्टचा ताण मीटरने मोजा. ५.२५च्या वर असेल तर तो अडॅप्टर वापरू नका, जुने झाले की हे वरच्या बाजूलाच बिघडतात आणि मेमरी चिपा जाळतात. स्पेक्ट्रमला ९ व्होल्टचा नवा अडॅप्टर घेताना मधली पिन ऋण आहे ना ते पाहून घ्या, बाजारातले बहुतेक उलटे असतात.