निकेया परिषदेत मतदानाने येशूला देव ठरवले, हे खरे आहे का?

नाही. इ. स. ३२५ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनने निकेया (आजच्या तुर्कस्तानात) येथे बोलावलेल्या बिशपांच्या परिषदेपूर्वी दोन शतके, म्हणजे इ. स. ११२ च्या सुमारास, बिथिनियाचा रोमन सुभेदार धाकटा प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की, ख्रिस्ती लोक पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रे गातात. त्यामुळे निकेयातील वाद येशूची भक्ती करावी की नाही, याविषयी नव्हताच.

अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू एरियस याचे म्हणणे असे होते की, पुत्र, म्हणजे येशू, सर्व सृष्टीहून श्रेष्ठ असला तरी तो पित्याने, म्हणजे देवाने, निर्माण केलेला आहे आणि म्हणून तो अनादी नाही. परिषदेने त्याचे मत नाकारून पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे मतांगिकारात (श्रद्धेच्या अधिकृत विधानात) लिहिले. हा शब्द बायबलमध्ये नाही, आणि पुढील अर्धशतकाच्या संघर्षाचे ते एक मोठे कारण होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. निकेयाचा खंदा समर्थक अथनेशियस याला पाच वेळा हद्दपारी भोगावी लागली. पिता व पुत्र यांच्यासह त्रैक्यात मानल्या जाणाऱ्या पवित्र आत्म्याविषयी तर निकेयाच्या मतांगिकारात एकच त्रोटक वाक्य आहे. त्याचा विस्तार ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेशी जोडला जातो.