वाचकांचे प्रश्न: रात्रीचा रस्ता आणि लाइट ट्रेल

प्रश्न: मांडवीच्या पुलांवरच्या गाड्यांचे लाइट ट्रेल पणजीच्या काठावरून टिपले. एफ/4, आयएसओ 400, शटर 10 सेकंद. हेडलाइटच्या रेषा पांढऱ्याफटक आल्या. शटर 5 सेकंदांवर आणलं तर रेषा तशाच पांढऱ्या राहिल्या, वर आकाशही काळं पडलं. असं का? (वाचक, म्हापसा)

उत्तर: शटरचा वेळ कमी केला म्हणून रेषा फिकी होत नाही, आखूड होते. गाडीचा दिवा सेन्सरच्या एका जागेवर क्षणभरच पडतो आणि पुढे सरकतो. त्या जागेला किती प्रकाश मिळाला, हे दिव्याची तीव्रता, गाडीचा वेग, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं भोक; एफचा आकडा मोठा तितकं ते लहान) आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) यांवर ठरतं. शटर 5 सेकंद उघडं राहो की 30, तो दिवा तिथं परत येत नाही. आकाश, खांब, इमारती मात्र जागच्या जागी असतात, त्यांचा प्रकाश सेकंदागणिक साठत जातो. तेव्हा आधी अ‍ॅपर्चर आणि आयएसओ रेषांकडे बघून ठरवा, मग पार्श्वभूमीसाठी वेळ लावा.

एफ/8, आयएसओ 100 पासून सुरुवात करा. तुमच्या सेटिंगपेक्षा प्रकाश 16 पटींनी कमी झाला, रेषांना रंग येईल. पण मिट्ट काळोखात आकाश तेवढंच उजळ हवं असेल तर 10 सेकंदांचे 160 होतात. म्हणून काळोख पडायची वाट बघू नका. सूर्यास्तानंतर साधारण 15 ते 35 मिनिटांत, आकाश निळं असतानाच काम उरका. आपल्याकडे संधिप्रकाश फार रेंगाळत नाही, त्यामुळे ट्रायपॉड आणि फोकस आधीच लावून ठेवा. एफ/8 ला 8 ते 10 सेकंदांनी सुरू केलेला वेळ बघता बघता 30 वर जातो.

जागेचंही बघा. पाण्याच्या पातळीवरून उंच पूल टिपताना कठडा छोट्या गाड्यांचे दिवे झाकतो. अटल सेतू तर बाजूच्या दोन्ही पुलांपेक्षा उंच. काठावरून तिथं बस-ट्रकचे वरचे दिवे तेवढे हाती लागतात. रेषा भरगच्च हव्या असतील तर रस्ता वरून दिसेल अशी जागा शोधा. साखळीहून बेळगावकडे जाणाऱ्या चोर्ला घाटातली वळणं त्यासाठी पुलापेक्षा सरस, फक्त ट्रायपॉड रस्त्याच्या कडेपासून आत हवा. फ्रेममध्ये नांगरलेली कॅसिनो बोट घेतलीत तर ती पाण्यावर डुलते आणि 30 सेकंदांत तिच्या दिव्यांच्या जिलब्या होतात. तिथं 4-5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लावू नका.

प्रश्न: काही गाड्यांच्या लाल रेषा सलग न येता ठिपक्याठिपक्यांच्या येतात. कॅमेरा बिघडलाय का? (वाचक, फोंडा)

उत्तर: नाही. अनेक एलईडी टेललाइट मंद करण्यासाठी ते झपाट्यानं चालू-बंद केले जातात. डोळ्याला कळत नाही, सरकत्या रेषेत कळतं. समजा दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि गाडी ताशी 36 किलोमीटरनं जाते, म्हणजे सेकंदाला 10 मीटर. मग दर 10 सेंटिमीटरला एक ठिपका. जुन्या बल्बची तार तेवढ्यात थंड होत नाही, म्हणून त्याची रेषा सलग. रस्त्याला आडवं उभं राहण्याऐवजी गाड्या समोरून येतील किंवा पाठमोऱ्या जातील असं उभं राहा, नाहीतर लांब जा. ठिपके एकमेकांत मिसळतात.

प्रश्न: ट्रायपॉड असूनही पूल हललेला येतो. (वाचक, पेडणे)

उत्तर: ट्रायपॉड पुलावरच असेल तर अवजड वाहन गेलं की पूल थरथरतो, त्याबरोबर कॅमेराही. काठावर या. मधली दांडी वर खेचू नका, कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा (वाऱ्यावर तो फडफडतो), रिमोट नसेल तर 2 सेकंदांचा टायमर लावा. लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद करा. काही लेन्स ट्रायपॉडवर नसलेला धक्का सावरायला जातात आणि तोच फोटोत उतरतो. फोकस लाइव्ह व्ह्यूमध्ये दूरचा दिवा मोठा करून जुळवा, मग मॅन्युअलवर टाका.

प्रश्न: 30 सेकंदांच्या पुढे कसं जायचं? (वाचक, मडगाव)

उत्तर: बल्ब मोड (बटण दाबलेलं असेतो शटर उघडं राहतं) आणि लॉक होणारा रिमोट. वाहनं तुरळक असतील तर त्याहून बरं म्हणजे 15-15 सेकंदांचे दहा-बारा फोटो लागोपाठ घ्या आणि संगणकावर 'लाइटन' मोडमध्ये (प्रत्येक ठिकाणी सर्वांत उजळ तेवढंच राहतं) एकावर एक चढवा. एखाद्यात फुल बीमवाला आला तर तेवढाच गाळता येतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा; ते चालू असलं की प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तेवढाच वेळ अडकून राहतो आणि रेषेत खिंडार पडतं.

प्रश्न: गाडीतून उतरून काढलेले पहिले फोटो धुरकट का येतात? (वाचक, डिचोली)

उत्तर: एसीत गार झालेल्या काचेवर बाहेरची दमट हवा दव धरते. पोहोचण्याआधी अर्धा तास एसी बंद करा किंवा कॅमेरा बॅगेत बंद ठेवूनच बाहेर काढा आणि बॅगेतच 20-30 मिनिटं राहू द्या. लेन्स पुसत बसून उपयोग नाही, काच गार आहे तोवर दव पुन्हा धरतं.