रेपो शेवटचा कधी बदलला?

(कमांड देवनागरीत छापल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतच टाइप कराव्यात.)

प्रश्न : सर्व्हरवर बरेच जुने गिट रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास जपणारे 'गिट' प्रणालीचे कोष) साठले आहेत. कोणते चालू आणि कोणते बंद पडलेले, हे ठरवायचं आहे. फोल्डरची तारीख पाहिली तर सगळे गेल्याच आठवड्यात बदललेले दिसतात. खरी तारीख कशी काढायची?

उत्तर : फोल्डरची तारीख सोडून द्या. फाइल कधी बदलली ही वेळ गिट साठवतच नाही. क्लोन (रेपोची प्रत उतरवणं) किंवा चेकआउट (त्यातल्या फाइल काढून घेणं) करताना फाइल डिस्कवर लिहिली जाते आणि तीच वेळ तिला चिकटते. बॅकअप परत चढवला, डिस्क बदलली, तरी तेच होऊ शकतं. तारीख कमिटमधूनच, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलातूनच, काढावी लागते.

त्यासाठी बहुतेक जण 'गिट लॉग -१' चालवतात आणि तिथेच फसतात. ही कमांड फक्त सध्याच्या ब्रँचवरचं (रेपोतल्या कामाच्या एका फांदीवरचं) शेवटचं कमिट दाखवते. 'मेन' या मुख्य ब्रँचला वर्षभर कुणी हात लावला नसेल, पण शेजारच्या ब्रँचवर रोज काम चालू असेल, तर तुम्ही जिवंत रेपो मोडीत काढाल. म्हणून सगळ्या ब्रँच एकदम तपासा :

गिट फॉर-ईच-रेफ --सॉर्ट=-कमिटरडेट --काउंट=१० --फॉरमॅट='%(कमिटरडेट:आयएसओ) %(रेफनेम:शॉर्ट)' रेफ्स/हेड्स रेफ्स/रिमोट्स

'कमिटरडेट'च्या आधीचा हायफन विसरू नका. तो गाळला की सर्वांत जुनी ब्रँच वर येते. फॉरमॅट दिला नाही तर हॅश (कमिटचा ओळख-क्रमांक) आणि ब्रँचचं नाव मिळतं, तारीख मिळत नाही. हे सर्व्हरऐवजी स्वतःच्या मशीनवर करणार असाल तर आधी सर्व्हरवरचे ताजे बदल आणायला 'गिट फेच --ऑल --प्रून' चालवा. नाहीतर शेवटचं फेच केलं त्या दिवशीचं चित्र दिसेल.

आता तारखेचंच बघा. प्रत्येक कमिटला दोन तारखा असतात. ऑथर डेट म्हणजे बदल मुळात लिहिला ती वेळ. कमिटर डेट म्हणजे ते कमिट आत्ताच्या रूपात तयार झालं ती वेळ. रिबेस, चेरी-पिक किंवा अमेंड (जुनं कमिट नव्याने बनवण्याच्या पद्धती) केलं की सहसा दुसरी बदलते, पहिली तशीच राहते. समजा, ३ मार्चला लिहिलेलं कमिट १० जूनला रिबेस केलं. साधा 'गिट लॉग' ३ मार्चच दाखवेल, कारण तो ऑथर डेट छापतो. '--फॉरमॅट=फुलर' जोडलं की दोन्ही दिसतात. रेपो चालू आहे का, हे ठरवताना कमिटर डेट धरावी.

शिवाय या तारखा कमिट करणाऱ्याच्या मशीनच्या घड्याळावरून येतात. घड्याळ पुढे असेल तर भविष्यातली तारीख असलेलं कमिट यादीच्या डोक्यावर ठाण मांडून बसतं. वर काउंट १ न ठेवता १० ठेवला तो याचसाठी. पहिली ओळ संशयास्पद वाटली तर खालच्या नऊ हाताशी असतात.

प्रश्न : कमिटची तारीख सोमवारची आहे, पण सर्व्हरवर ते गुरुवारी आलं. पुश (कमिट सर्व्हरवर पाठवणं) कधी झालं ते कुठे कळेल?

उत्तर : कमिटमध्ये नाही, पुशची नोंद त्यात होतच नाही. ती असलीच तर रिफ्लॉगमध्ये (ब्रँच कधी पुढेमागे सरकली याच्या नोंदवहीत) असते. मात्र सर्व्हरवरच्या बेअर रेपोत (ज्यात फक्त इतिहास असतो, कामाच्या फाइल नसतात) रिफ्लॉग मुळात बंद असतो. 'गिट कॉन्फिग कोअर.लॉगऑलरेफअपडेट्स ट्रू' केलं की पुढची पुश नोंदली जातात, मागची परत येत नाहीत. स्वतःच्या मशीनवर 'गिट रिफ्लॉग शो ओरिजिन/मेन --डेट=आयएसओ' चालवा; तुमचं फेच आणि पुश कधी झालं ते दिसेल. नोंदी साधारण ९० दिवस टिकतात. ब्रँचच्या आत्ताच्या इतिहासातून बाहेर पडलेल्या कमिटांच्या नोंदी ३० दिवसच.

रेपो गिटहबवर असेल तर एपीआयच्या (प्रोग्रॅममधून माहिती मागायच्या सोयीच्या) उत्तरातलं 'पुश्ड_ॲट' वाचा. 'अपडेटेड_ॲट' नको, रेपोचं वर्णन बदललं तरी ते पुढे सरकतं.

प्रश्न : अख्खा रेपो न उतरवता तारीख मिळेल का?

उत्तर : 'गिट एलएस-रिमोट' फक्त हॅश देतं, तारीख नाही. निदान टोकाची (प्रत्येक ब्रँचवरची शेवटची) कमिटं तरी उतरवावी लागतात : 'गिट क्लोन --बेअर --डेप्थ १ --नो-सिंगल-ब्रँच' आणि पुढे पत्ता. शेवटचा पर्याय गाळू नका, कारण '--डेप्थ' दिलं की गिट आपणहून एकच ब्रँच आणतं. सर्व्हर परवानगी देत असेल तर '--फिल्टर=ब्लॉब:नन' जोडा; मग फाइलींचा मजकूरही उतरत नाही. रेपो त्याच मशीनवरच्या फोल्डरात असेल तर साध्या पाथला '--डेप्थ' लागू होत नाही, पत्ता 'फाइल://' ने सुरू करावा लागतो. क्लोन झालं की वरचीच फॉर-ईच-रेफ कमांड त्यात चालवा.

प्रश्न : आमच्याकडे अजून सबव्हर्जन (गिटसारखीच दुसरी प्रणाली) आहे. तिथे काय?

उत्तर : तिथे काम सोपं आहे. 'एसव्हीएन इन्फो' आणि पुढे रेपोच्या मुळाचा यूआरएल द्या, 'लास्ट चेंज्ड डेट'ची ओळ वाचा. चेकआउट लागत नाही, आणि तारीख सर्व्हर लावतो, त्यामुळे कमिट करणाऱ्याच्या घड्याळाचा प्रश्न उरत नाही. यूआरएल मात्र द्याच. न देता वर्किंग कॉपीत (तुमच्या मशीनवरच्या प्रतीत) चालवलंत तर तुम्ही शेवटचं अपडेट केलं तिथपर्यंतचंच दिसेल.